ट्रेडमिलच्या बोर्डावरचा आयजीबीटी, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारा भाग, दुसऱ्यांदा फुटला. बोर्ड वाईट की माझा हात?

पायपीट

नमस्कार मंडळी. मी पेशाने हिशेबनीस, छंदाने डाग देणारा, म्हणजे सोल्डरिंग करणारा. जुना रेडिओ उघडायचा, सुकलेला कपॅसिटर बदलायचा आणि गाणं लागलं की घरभर शेखी मिरवायची, एवढीच माझी विद्या. आजवर ती पुरत आली. ट्रेडमिलने मात्र पार फजिती केली, म्हणून इथे विचारतोय.

यंत्र सहा वर्षांचं. पहिलं वर्ष मी त्यावर पळालो, पुढची चार त्यावर कपडे वाळले आणि गेलं वर्षभर बाबा चालतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना सपाटीवर सावकाश चालायला सांगितलंय. ताशी दोन किलोमीटर, सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. वजन ८४ किलो. मोटरवरच्या पट्टीवर १८० व्होल्ट डीसी लिहिलंय, यंत्राचा कमाल वेग १४.

महिन्यापूर्वी बाबांचं चालून झाल्यावर मी सहज चढलो. दोन मिनिटं झाली असतील, पट्टा एकदम पायाखालून ओढला गेला, आतून 'टक्' असा आवाज आला आणि सगळं थांबलं. डिस्प्ले चालू, त्यावर एरर. पुढचं झाकण काढलं. मोटरशेजारी तळहाताएवढा बोर्ड, त्यावर ६८० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा एक गलेलठ्ठ कपॅसिटर, आणि ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यावर) ओळीने ब्रिज (एसीचं डीसी करणारा), आयजीबीटी, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा). मीटर लावला तर आयजीबीटीचे तिन्ही पाय एकमेकांशी बीप देत होते, म्हणजे आतून शॉर्ट. त्याच नंबरचा नवा आणून बसवला. शेजारचा डायोडही दोन्हीकडून बीप देत होता, तोही काढला आणि माझ्या डब्यातला १००० व्होल्टचा जाड डायोड लावला.

चाललं! चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी बाबा चालत असताना फटाक्यासारखा आवाज आणि पट्टा जागच्या जागी थांबला. त्यांनी कठडा धरला होता म्हणून निभावलं. या वेळी आयजीबीटीला चक्क भोक पडलंय, फ्यूजची काच आतून काळ्या आरशासारखी झालीय आणि आयजीबीटीच्या गेटकडे (त्याला उघडझापीचा हुकूम देणाऱ्या पायाकडे) जाणारा एक छोटा रेझिस्टन्स जळून त्याचे रंगपट्टे ओळखू येत नाहीत.

तिसरा आयजीबीटी आणून ठेवलाय. पण बसवायची हिंमत होत नाही. पुन्हा फुटला तर बाबा त्यावर पाय ठेवणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही ठेवू देणार नाही.


शेवटचा फ्यूज

एकदा उडाला तर पार्ट खराब, दोनदा उडाला तर बोर्ड खराब. अख्खा बोर्ड बदला आणि मोकळे व्हा. फक्त एक लक्षात ठेवा: खालचा बोर्ड आणि वरचा डिस्प्ले एकमेकांशी तारेवरून बोलतात आणि प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. मी नुसता खालचा बोर्ड दुसऱ्या कंपनीचा आणला होता. प्लग तंतोतंत बसला, तारांचे रंगही तेच, आणि डिस्प्लेवर कायमचा कम्युनिकेशनचा एरर. शेवटी जोडी आणावी लागली. घ्याल तर दोन्ही एकत्र घ्या.


तारतम्य

बोर्ड बदलायची घाई नको. नवा बोर्डही याच वाटेने जाऊ शकतो.

पायपीट, आधी सांगा, तुमच्या डब्यातल्या त्या जाड डायोडचा नंबर काय? आणि जुना डायोड मोजलात तेव्हा मोटरच्या तारा बोर्डाला जोडलेल्या होत्या का?

तुमचं उत्तर येईपर्यंत मला काय वाटतंय ते लिहितो. पंचवीस वर्षं असले बोर्ड उघडतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

या बोर्डाचं काम तसं साधं. घरची २३० व्होल्टची वीज ब्रिजमधून जाते, कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी जमतात. मोटरला एवढे नको असतात. मग आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून सरासरी खाली आणतो. गंमत आहे ती 'झाप' झाल्यावर. मोटर म्हणजे गुंडाळलेली तार, तिच्यातला करंट एका क्षणात थांबत नाही. त्याला फिरून यायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे मोटरला समांतर बसलेला तो डायोड. त्याला फ्रीव्हील डायोड म्हणतात ते उगाच नाही. सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसंच इथे.

आता बाबांचा हिशेब बघा. ताशी दोन किलोमीटर म्हणजे मोटरला फार कमी व्होल्ट हवेत. आयजीबीटी दहातला जेमतेम एक भाग उघडा, उरलेले नऊ भाग करंट डायोडमधून फिरतोय. लोकांना वाटतं, सावकाश चाललं की यंत्राला आराम. उलट आहे. वजनदार माणूस, कमी वेग आणि मोटरच्या दांड्यावरचा पंखाही हळू फिरतोय, यासारखा वाईट प्रसंग या बोर्डावर दुसरा नाही. पळणाऱ्या माणसाचे पाय काही वेळ हवेत असतात, चालणाऱ्याचं वजन सतत पट्ट्यावर.

म्हणून तिथे डायोड कसा हवा? एक तर तगडा, हीटसिंकवर आवळलेला. दुसरं म्हणजे चपळ. साधा रेक्टिफायर डायोड ५० हर्ट्‌झसाठी बनवलेला असतो. त्याला 'आता बंद हो' म्हटलं तरी काही मायक्रोसेकंद तो उलटा वाहत राहतो. तेवढ्या वेळात आयजीबीटी उघडला की ३२५ व्होल्ट सरळ त्या दोघांतून आरपार. हे दर सेकंदाला हजारो वेळा. दोघेही भाजून निघतात. अल्ट्राफास्ट प्रकारचा डायोड हेच काम नॅनोसेकंदांत उरकतो. वरच्या व्होल्टेजचा आकडा बघून भुलू नका, १००० व्होल्टचा मंद डायोड इथे ६०० व्होल्टच्या चपळ डायोडपुढे कुचकामी.

बोर्डाला पुन्हा हात लावण्याआधी कपॅसिटर रिकामा करा. प्लग काढल्यावरही त्यात ३२५ व्होल्ट बसलेले असू शकतात, विशेषतः बोर्ड मेलेला असताना, कारण तो करंट खाणारं कुणी उरलेलं नसतं. ६८० मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ३६ जूल, गंमत नाही. पेचकस आडवा लावून 'फाट्' करणारे शूर लोक मी पाहिलेत, त्यांच्या पेचकसाचं टोकही पाहिलंय. २.२ किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी दहा सेकंद धरा, मग मीटरने व्होल्ट बघा. शून्याजवळ दिसल्याशिवाय बोट नको.


पायपीट

तारतम्य साहेब, घाम फुटला वाचून. डायोड ६ए१०. सहा अँपिअर, हजार व्होल्ट. मोटर जोडलेलीच होती, मोजताना.

आता सगळं कबूल करतो. मूळ डायोड चपटा, हीटसिंकवर स्क्रूने आवळलेला होता. माझा गोल नळीसारखा. त्या भोकांत बसेना म्हणून पाय वाकवून बोर्डावर उभा केला. हीटसिंकची जागा रिकामीच राहिली. मनात आलं होतं की एवढ्या मोठ्या जागी एवढासा भाग कसा चालेल. पण चालला ना! त्या आनंदात पुढे विचारच केला नाही.

तुमचं वाचून आता मोटरच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि पुन्हा मोजलं. माझा ६ए१० दोन्हीकडून बीप, मेलाय. त्याच्याखाली बोर्डावर रुपयाएवढं तपकिरी वर्तुळ पडलंय. मूळचा डायोड टाकला नव्हता, डब्यात होता. तो एकीकडून ०.४१ दाखवतो, दुसरीकडून काहीच नाही.

म्हणजे तो चांगलाच होता?


तारतम्य

चांगलाच होता. मोटरची गुंडाळी ओहम-दोन ओहमची. ती डायोडला समांतर जोडलेली असताना मीटर तिच्यातूनच बीप देतं. तुम्ही मोटर मोजलीत आणि डायोडला फाशी दिलीत. मनाला लावून घेऊ नका, माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांतले बरेच 'खराब' डायोड याच गुन्ह्यात गेलेले असतात.

तेव्हा दुसरा स्फोट कसा झाला ते आता स्पष्ट आहे. ६ए१० तापून तापून आतून शॉर्ट झाला. पुढच्या क्षणी आयजीबीटी उघडला तेव्हा समोर मोटर नव्हती, सरळ तार होती. मग भोक, मग काळा फ्यूज. पट्टा सुसाट न सुटता जागीच थांबला तोही त्यामुळेच, करंट मोटरपर्यंत पोचलाच नाही.

पहिल्या वेळी मात्र डायोड शाबूत आणि एकटा आयजीबीटी शॉर्ट. तेव्हा ३२५ व्होल्ट पूर्ण मोटरला मिळाले, म्हणून पट्टा ओढला गेला. 'टक्' आवाज आला तो रिले सुटल्याचा, बोर्डाने ओळखून वीज तोडली. त्या रिलेचे उपकार माना आणि त्याचे संपर्क चिकटलेले नाहीत ना ते मीटरने बघा. बंद अवस्थेत बीप देत असेल तर तोही बदला. आणखी एक: कठड्याला अडकवायची ती चावी बऱ्याच यंत्रांत फक्त डिस्प्लेला निरोप देते, वीज स्वतः तोडत नाही. आयजीबीटी शॉर्ट आणि रिले चिकटलेला असेल तर चावी ओढून उपयोग नाही. दुरुस्तीच्या काळात भिंतीवरच्या बटणाशी एक माणूस उभा पाहिजे आणि पट्ट्यावर कुणीही नको.

पण पहिला आयजीबीटी का मेला? डायोड तेव्हा मूळचाच होता. माझा संशय पट्ट्यावर. शेवटचं तेल कधी घातलंत?


पायपीट

तेल घालायचं असतं?

थांबा, अगदीच निरक्षर नाही. मागे एकदा करकर वाजत होतं तेव्हा गंजलेले नट सैल करायचा स्प्रे पट्ट्याखाली मारला होता. आवाज गेला. आणि पट्टा घसरतोय असं वाटलं म्हणून मागचे बोल्ट चांगले आवळले होते.


तारतम्य

आता काय बोलू? तो स्प्रे वंगण नाही, तो चिकटा आणि मेण धुऊन काढतो. फळीवरचं होतं नव्हतं तेही गेलं. वर पट्टा आवळला. बाबा वर्षभर सँडपेपरवर चालले आणि त्याचं बिल आयजीबीटीने भरलं.


मोजूनमापून

मी मोटर-ड्राइव्हमध्ये काम करते, म्हणून मध्येच तोंड घालते.

तारतम्य दादांचं निदान पटतंय, पण 'संशय' म्हणून सोडू नका, मोजता येतं. बोर्ड मेलेला असतानाही. मोटरचा बेल्ट काढून ठेवा. बाबांना त्रास नको, त्यांच्या वजनाचा दुसरा कुणीतरी पट्ट्यावर मधोमध उभा करा, कठडा न धरता. पट्ट्यावर जाड कापडी टेप चिकटवून तिचा एक फास करा, त्यात प्रवासाची बॅग तोलायचा काटा अडकवा आणि पट्टा मागे ओढा. हळूहळू सरकत असताना काट्यावर किती किलो दिसतात ते लिहून घ्या. तेल घातल्यावर पुन्हा तेच करा.

या आकड्यावरून करंट काढता येतो. मोटर १८० व्होल्टला १४ च्या वेगाने फिरते असं धरलं तर २ च्या वेगाला ती स्वतः साधारण २६ व्होल्ट उलटे तयार करते. काट्यावर ३० किलो आले तर जोर झाला सुमारे ३०० न्यूटन, वेग सेकंदाला ०.५६ मीटर, म्हणजे १६५ वॅटच्या आसपास काम. भागिले २६. सहा अँपिअरच्या वर. बेअरिंगचं घर्षण वेगळं.

क्लॅम्प मीटर असेल तर मेन्सच्या तारेवर लावून खूश होऊ नका. कमी वेगात मोटरमधून सात अँपिअर फिरत असतात आणि मेन्सवर दीड-एक दिसतो, कारण बाकीचा काळ करंट डायोडमधून घरातल्या घरात फिरतोय. मोजायचं तर मोटरच्या एका तारेवर, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पने. (आणि हो, क्लॅम्पमध्ये एकच तार घ्यायची. अख्खी केबल घेतली की शून्य दिसतं.)

कुणाकडे ऑसिलोस्कोप असेल तर या बोर्डाच्या 'ग्राउंड'ला त्याचा काळा चिमटा लावू नका. ते ग्राउंड मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं. चिमटा लावला की स्कोप, बोर्ड आणि मेन स्विच एकदम जातात. नवीन पोरं दरवर्षी एक तरी प्रोब जाळतात माझ्याकडे.


पायपीट

ताई, तुमचा प्रयोग आज केला. घरात सगळे जमले होते बघायला. माझा मेहुणा ८६ किलोचा, त्याला उभं केलं. टेप दोनदा सुटली, तिसऱ्यांदा धरली. काटा ३१ वर गेला तेव्हा कुठे पट्टा हलला, आणि हलताना २९-३०. मी हिशेबनीस असल्यामुळे भागाकार लगेच झाला. सहा अँपिअरच्या डायोडवर मी सहा अँपिअरच्या वरचं काम टाकलं होतं, हीटसिंकशिवाय.

पट्ट्याखाली हात घातला तर फळी मधल्या भागात खडबडीत, कडेला गुळगुळीत. बाबांची पावलं पडतात तिथेच.

आता बोर्डाचं सांगा. तिसरा आयजीबीटी एफजीएच४०एन६० आहे, ६०० व्होल्ट ४० अँपिअर, मूळचाच नंबर.


तारतम्य

वा, मेहुण्याला माझा नमस्कार.

डायोड म्हणून आरएचआरजी३०६० घ्या, ३० अँपिअर ६०० व्होल्ट, चपळ जातीचा, आणि त्याच चपट्या आकाराचा असल्यामुळे हीटसिंकवर बसेल. जुना चांगला मोजतोय, पण एका स्फोटातून गेलेला आहे, त्याला पुन्हा युद्धावर पाठवू नका.

आयजीबीटी फुटला की एकटा जात नाही. कलेक्टरवरचे, म्हणजे त्याच्या मुख्य पायावरचे, ३२५ व्होल्ट गेटमधून मागे शिरतात. म्हणून गेटचा रेझिस्टन्स, गेट आणि एमिटर (तिसरा पाय) यांच्यामधला झेनर (गेटवरचे व्होल्ट मर्यादेत ठेवणारा डायोड), आणि त्यामागचे ड्रायव्हरचे दोन छोटे ट्रान्झिस्टर, हे सगळं एकेक पाय उचलून मोजा. जळालेल्या रेझिस्टन्सचे पट्टे दिसत नसतील तर बोर्डाच्या मागे किंवा शेजारच्या छपाईवर आकडा असतो का बघा. करंट मोजणारा शंट, जाड तारेचा पूल असतो किंवा चौकोनी सिमेंटचा ठोकळा, तो तुटलेला नाही ना तेही बघा. तो तुटला तर बोर्डाला करंट कळतच नाही.

हीटसिंकवर आयजीबीटीच्या मागे अभ्रकाचा पापुद्रा किंवा करडी रबरी पट्टी असेल. मागच्या वेळी तुम्ही तीच पुन्हा वापरलीत का? मेलेल्या पार्टाच्या खालची पट्टी दबून फाटलेली असते. नवी लावा. अभ्रक असेल तर दोन्ही बाजूंनी पेस्टचा पातळ हात, लोण्यासारखा थर नको. स्क्रूभोवतीचा प्लास्टिकचा वॉशर विसरू नका. बसवून झाल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटरने काहीच दिसता कामा नये. आणि स्क्रू आधी आवळायचा, डाग नंतर द्यायचा. उलट केलं तर पायांवर ताण राहतो.

मग सिरीज बोर्ड. साधा तारेचा १०० वॅटचा दिवा मेन्सच्या लाइनमध्ये. एलईडी चालणार नाही. मोटर जोडू नका, तिच्या जागी दुसरा तारेचा ६० वॅटचा दिवा लावा. वीज दिल्यावर सिरीजचा दिवा क्षणभर लकाकून विझला पाहिजे, ती कपॅसिटर भरल्याची लकाकी. पेटूनच राहिला तर बोर्डात अजून शॉर्ट आहे, पण तुमचा आयजीबीटी वाचला. विझला तर डिस्प्लेवरून सुरू करा. मोटरच्या जागचा दिवा हळूहळू उजळत जाईल आणि काही सेकंदांत स्पीड सेन्सरचा एरर येऊन बंद होईल. सेन्सरला फिरणारं काही दिसलं नाही, म्हणून तो एरर येणारच, घाबरू नका. तो हळूहळू उजळणारा दिवा दिसला की समजा गेट ताब्यात आहे. सुरू न करताच दिवा पेटला तर तिथेच थांबा.


मोजूनमापून

एक भर. सिरीजचा दिवा ठेवून मोटर चालवून बघायचा मोह होतो. ती फिरणार नाही, दिवाच पेटेल आणि बोर्डाचा स्वतःचा छोटा सप्लायही डचमळेल. त्यावरून बोर्ड खराब ठरवू नका. मोटर जोडताना दिवा काढायचा.

आणि मोटर बोर्डाला लावण्याआधी तिचे कार्बन ब्रश काढून बघा, पावडर झाडा. मोटरच्या दोन तारा एकमेकींना जोडून फ्लायव्हील हाताने फिरवा, जड आणि लोण्यात फिरल्यासारखं लागलं पाहिजे. तारा सुट्या केल्यावर हलकं. दोन्ही वेळा सारखंच हलकं लागलं तर चुंबक उतरलेत किंवा ब्रश टेकत नाहीत.


पायपीट

आठ दिवसांनी लिहितोय. मुद्दाम थांबलो, चार दिवसांच्या यशाचा अनुभव आहे.

गेटचा रेझिस्टन्स २२ ओहमचा निघाला, आकडा बोर्डाच्या पाठीवर छापलेला होता. झेनर शॉर्ट, दोन ट्रान्झिस्टरपैकी एक गेलेला. शंट ठीक, रिले ठीक. रबरी पट्टी काढली तर तिच्या मधोमध आयजीबीटीचा ठसा आणि त्यात टाचणीएवढं भोक. हो, मी तीच पुन्हा वापरली होती.

फळी पुसली, सुती कापडाने, स्प्रेचा सगळा चिकटा निघेपर्यंत. ती पुढचे-मागचे स्क्रू काढून उलटी बसवता आली, खालची बाजू कोरी होती आणि तिलाही तोच गुळगुळीत थर होता. (सगळ्या यंत्रांत असं नसतं, आधी बघून घ्या.) शंभर टक्के सिलिकॉन तेल पट्ट्याखाली नागमोडी सोडलं. मागचे बोल्ट पाव-पाव फेरा सैल करत आणले, कडेने पट्टा मधोमध तीन बोटं उचलला जाईपर्यंत. मेहुण्याला पुन्हा उभं केलं. काटा १३.

सिरीज बोर्ड लावायला घरात तारेचा दिवा एकच सापडला, दुसरा देव्हाऱ्यातला काढला. वीज दिली. एक लकाकी आणि अंधार. मग सुरूचं बटण. तो दुसरा दिवा आधी निखाऱ्यासारखा लाल, मग नारिंगी, मग पिवळा होत गेला आणि आम्ही सगळे गप्प. एरर आला तेव्हा मी उडीच मारली; बाबांना आधी वाटलं बिघडलं की काय, मग त्यांनीही टाळी वाजवली.

पहिले तीन दिवस रिकामा पट्टा, मग मी, मग मेहुणा, प्रत्येक वेळी बटणाशी कुणीतरी उभं. थांबल्यावर प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून हीटसिंकला हात लावत होतो. कोमट. कालपासून बाबा चालतायत.


शेवटचा फ्यूज

माझा सल्ला मागे घेतो. तेल किती दिवसांनी?


पायपीट

पुस्तिका सापडली शेवटी, ट्रेडमिलच्याच खोक्यात, न उघडलेल्या पिशवीत. सोबत तेलाची एक बाटलीही होती. सील न तुटलेली.


तारतम्य

पुस्तिकेत जो कालावधी असेल तो पाळा, पण महिन्यातून एकदा हात घालून बघा. बोटाला तेलकट ओल लागली तर राहू द्या, कोरडं लागलं तर घाला. जास्त घातलंत तर पट्टा घसरेल आणि तुम्ही पुन्हा बोल्ट आवळाल.

आणि तो जुना डायोड?


पायपीट

डब्यात परत ठेवलाय, चिठ्ठी चिकटवून: 'चांगला आहे. मोटर सोडवून मोजलाय.' ६ए१० सगळे वेगळ्या डब्यात गेले, रेडिओच्या.